दातांच्या डॉक्टरांची भीती आणि वर्षानुवर्षं राहून गेलेले दात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबागेजवळच्या एका डेंटल क्लिनिकच्या काउंटरवर मी अकरा वर्षं बसते. अपॉइंटमेंट देणं, फाइल काढणं, पैसे घेणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना विचारायची लाज वाटते ते सगळं लोक मला विचारतात. फोनवर, व्हॉट्सॲपवर, जिन्यात, आणि गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा. तेच ते प्रश्न वहीत उतरवून ठेवले होते, ते इथे दिले आहेत. उत्तरं आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासली आहेत, टोमणे माझे आहेत. एक कबुली आधीच देते. या नोकरीची पहिली दोन वर्षं मी स्वतः त्या खुर्चीवर बसले नव्हते.

१. बारा वर्षं दात दाखवलेले नाहीत. डॉक्टर रागावतील का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो नेहमी आवाज खाली घेऊन विचारला जातो. माझा अनुभव असा की बहुतेकांना दुखण्यापेक्षा बोलणी खायची भीती जास्त असते. "इतके दिवस काय करत होतात?" हे एक वाक्य कानावर पडू नये म्हणून माणसं पाच-पाच वर्षं एका बाजूने जेवतात. किडलेल्या दाढा, पिवळा-काळा थर, हलणारे दात हे सगळं डॉक्टरांसमोर रोज येतं. तुमचं तोंड त्यांना वेगळं वाटणार नाही. त्यांना हवं असतं ते एवढंच: कुठे दुखतं, कधीपासून, गरम लागतं की थंड. मध्ये वर्षं का गेली, ते सांगायचं तर सांगा, नाही तर नका सांगू. मुलीची बारावी, वडिलांचं आजारपण, पैशांची ओढाताण, सगळं ऐकलेलं आहे.

आणि एवढं करून कुणी रागावलंच, तर डॉक्टर बदला. इंदुरात दातांच्या डॉक्टरांचा तुटवडा नाही.

२. फोन करून नेमकं काय बोलायचं? हातात फोन घेते आणि ठेवून देते.

एवढंच म्हणा: "बऱ्याच वर्षांनी येतेय, मला फार भीती वाटते, पहिल्या दिवशी फक्त बघायचं आहे." आम्ही ते फाइलवर लिहितो, म्हणजे आत गेल्यावर पुन्हा सांगावं लागत नाही. बोलवत नसेल तर मेसेज टाका, मराठीत, हिंदीत, कसाही.

वेळ सकाळची पहिली मागा. संध्याकाळी सात-साडेसातला ऑफिसं सुटलेल्यांची गर्दी असते, नंबर लांबतो, आणि बाकावर बसून आतला आवाज ऐकत राहिलं की भीती वाढतच जाते. फोनवर आणखी एक विचारून घ्या: "मध्येच थांबा म्हटलं तर डॉक्टर थांबतात का?" समोरून उत्तर कसं येतं त्यावरून क्लिनिक कसं आहे ते निम्मं कळतं.

३. पहिल्याच दिवशी दात काढतात का?

नाही. सूज किंवा असह्य ठणका घेऊन आलात तर गोष्ट वेगळी (प्रश्न १३ पाहा). एरवी पहिल्या दिवशी छोटा आरसा, एक बारीक टोकाची सळई आणि एक्स-रे, एवढंच होतं. बऱ्याच वर्षांनी आलेल्यांचा बहुधा ओपीजी काढतात. म्हणजे तुम्ही उभे राहायचं, पुढच्या दातांत एक छोटासा तुकडा धरायचा, आणि यंत्र चेहऱ्याभोवती फिरून सगळ्या दातांचा एकच फोटो काढतं. वेळ मिनिटभरसुद्धा लागत नाही.

मग यादी होते: कोणता दात वाचतो, कोणता नाही, आधी काय, नंतर काय. ती यादी कागदावर लिहून मागा. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं जिना उतरेपर्यंतसुद्धा आठवत नाही.

४. मला नक्की कशाची भीती वाटते हेच कळत नाही. मग सांगू काय?

यावर थोडा वेळ घालवा, फायदा होतो. मी नऊ वर्षांची असताना एका डॉक्टरांनी "काही करत नाही, फक्त बघतो" म्हणून माझा दात उपटला. दात दुधाचा होता, महिनाभरात आपोआप पडला असता. दुखलेलं मला आठवत नाही, फसवलेलं आठवतं. त्यामुळे मोठेपणी माझी भीती सुईची नव्हतीच, पुढच्या क्षणी काय होणार हे माहीत नसण्याची होती. हे कळायला मला पस्तिशी उलटावी लागली. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी प्रत्येक हत्यार उचलण्याआधी "आता हे, मोजून दहा सेकंद" असं सांगायला सुरुवात केली. माझं औषध तेच होतं.

काहींना याच्या उलट असतं. "मला काही सांगू नका, उरकून टाका" म्हणणारे आहेत. कुणाला आवाज नको असतो (प्रश्न ९). कुणाला पाठीवर आडवं झालं की घुसमटतं, त्यांची खुर्ची थोडी उंच ठेवून काम करता येतं. कुणाला तो दवाखान्याचा वास नको असतो. तो बराचसा युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाचा असतो. एका वहिनींना हे कळल्यावर म्हणाल्या, "अरे, हा तर मसालेभाताचा वास!" भीती त्यांची गेली नाही, पण नाकाला लावलेला पदर खाली आला.

भीती फारच असेल, क्लिनिकची पाटी दिसली की घाम फुटत असेल, तर टप्प्याटप्प्याने या. एक दिवस फक्त बाकावर बसून जा. पुढच्या वेळी खुर्चीवर बसा, तोंड उघडू नका. त्यानंतर आरसा. एक काका तीन वेळा येऊन वॉटर कूलरचं पाणी पिऊन गेले, चौथ्यांदा बसले. त्यांना कुणी हसलं नाही. तेवढ्यानेही जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक नेमक्या याच पद्धतीने मदत करतात. त्यात कमीपणा कसला?

५. सुन्न करायचं इंजेक्शन किती दुखतं?

खरं सांगायचं तर जागेवर अवलंबून आहे. वरच्या दातांना बाहेरच्या बाजूने देतात ते मुंगी चावल्याइतकं. खालच्या दाढेसाठी मागे आत देतात ते थोडं खोल जाणवतं. टाळूवरचं मात्र झोंबतं. त्याला "काही नाही होत" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. सुदैवाने ते दर वेळी लागत नाही.

त्रास कमी करायचे उपाय साधे आहेत. आधी हिरडीवर सुन्न करणारं जेल किंवा स्प्रे लावून एक-दोन मिनिटं थांबणं. सुई बारीक असणं. आणि औषध सावकाश सोडणं. झोंबतं ते बरंचसं औषध भसकन ढकलल्यामुळे. १ मिलीलिटरला साधारण १ मिनिट असा हिशोब डॉक्टरांना शिकवलेला असतो. तेव्हा "हळू द्या" म्हणणं हा तुमचा आगाऊपणा होत नाही. सुई बघू नका, डोळे मिटा, पायाची बोटं हलवत राहा.

औषध बहुधा लिग्नोकेन असतं. वरच्या जबड्यात पाचेक मिनिटांत काम सुरू होतं, खाली थोडा जास्त वेळ लागतो. ओठ सुजल्यासारखा, जड वाटतो. आरशात बघा, सुजलेला नसतो. दोन ते चार तासांत उतरतं, तोवर गरम चहा नको आणि काही चावणं नको. सुन्न गाल चावून रक्त काढून घेतलेले लोक दर महिन्याला येतात.

६. माझ्यावर ते इंजेक्शन चालतच नाही. मागच्या वेळी सगळं जाणवलं. आता काय?

हे खरं असू शकतं. "मनाचे खेळ" म्हणून कुणी झटकलं तर ऐकून घेऊ नका. दाताच्या मुळाशी पू किंवा जोराची सूज असेल तर तिथल्या पेशी आम्लधर्मी होतात, आणि आम्लात हे औषध नीट काम करत नाही. म्हणजे दुखणं हाताबाहेर जाईपर्यंत थांबणाऱ्यालाच इंजेक्शन कमी लागू पडतं. आधी आलात तर कमी दुखेल, यामागचं कारण हे आहे. दुसरं, खालच्या जबड्यातली नस प्रत्येकाची अगदी एकाच जागी नसते. आणि तिसरं कारण घाई, पुरेसं न थांबता सुरुवात करणं.

उपाय आहेत: आधी सूज उतरवणं, दुसऱ्या जागी इंजेक्शन देणं, अगदी दाताच्या कडेला देणं, नुसतं आणखी दहा मिनिटं थांबणं. सुरुवात करण्याआधी दाताला थंड लावून जाणवतं का ते तपासायला सांगा. मागचा अनुभव आधीच सांगा, खुर्चीवर आडवं झाल्यावर नको.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. इंजेक्शनने कळ जाते, दाब जात नाही. दात काढताना ढकलल्यासारखं वाटणार, हाडात करकर ऐकू येणार. ते अपेक्षित आहे. टोचलं किंवा कळ गेली तर हात वर करा.

७. इंजेक्शननंतर छातीत धडधडायला लागलं. मला ॲलर्जी आहे का?

बहुतेक वेळा नाही. औषधात किंचित ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, सुन्नपणा जास्त वेळ टिकावा आणि रक्त कमी यावं म्हणून. त्याने काही मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात, आणि आपोआप थांबतं. भीतीतही शरीर हेच द्रव्य सोडतं, म्हणून दोन्ही एकत्र आलं की माणूस हादरतो. अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं ही ॲलर्जीची लक्षणं. ती क्वचित दिसतात, पण आधी कधी झालं असेल तर ते सांगणं फार गरजेचं. हृदयविकार असेल तर तेही. ॲड्रेनलिन नसलेलं औषधही मिळतं.

८. मला सुई बघूनच चक्कर येते.

सांगून ठेवा, म्हणजे खुर्ची आडवी करून, पाय थोडे वर ठेवूनच इंजेक्शन देतात. उपाशीपोटी येऊ नका. "उलटी होईल" म्हणून न जेवता येणारेच जास्त कोसळतात. चक्करसारखं वाटू लागलं की मांड्या आणि दंड दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. रक्तदाब घसरत असतो, तो त्याने सावरतो.

९. ड्रिलचा आवाज सहन होत नाही.

कानात इयरफोन घाला. एकाच कानात, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईल. आमच्याकडे एक आजोबा पूर्ण आरसीटी (रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतली नस काढून पोकळी साफ करून भरणं) होईपर्यंत अभंग ऐकत पडून होते आणि मध्ये-मध्ये पायाने ताल धरत होते. मॅडमना विठ्ठलाच्या तालावर काम करावं लागलं.

थांबायची खूण आधीच ठरवा: डावा हात वर. उजवा नको, कारण डॉक्टर बहुधा उजवीकडे बसलेले असतात आणि त्यांच्या हातात फिरतं हत्यार असतं. पहिल्या पाच मिनिटांत एकदा उगाच हात वर करून बघा. खरंच थांबले की अर्धी भीती तिथेच उतरते.

१०. तोंडात काही घातलं की उबळ येते. मापच देता येत नाही.

नाकाने श्वास घ्या, हनुवटी थोडी खाली ठेवा, आणि एक पाय खुर्चीवरून चार बोटं उचलून तसाच धरून ठेवा. लक्ष पायात जातं, उबळ मागे पडते. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवल्याचाही काहींना उपयोग होतो. कवळीच्या किंवा कॅपच्या मापासाठी काही ठिकाणी आता छोट्या कॅमेऱ्याने स्कॅन करतात, मग तो लगदा तोंडात धरावा लागत नाही. फोनवर विचारून घ्या.

११. मला झोपवून सगळं एकदम करून टाकता येत नाही का?

येतं, पण वाटतं तितकं सोपं नाही. तीन पायऱ्या आहेत. नाकावर मास्क लावून लाफिंग गॅस, यात माणूस जागा असतो पण निवांत, आणि बंद करून ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत उतरतो. मग गोळी किंवा शिरेतून औषध देऊन गुंगी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवंच. आणि शेवटी पूर्ण भूल. ती हॉस्पिटलात, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आधी तपासण्या करून आणि उपाशी राहून.

बरीच कामं एका वेळी करायची असतील, किंवा भीती खरोखर कशानेच जात नसेल, तर पूर्ण भूल हा योग्य मार्ग आहे. पण आरसीटी, कॅप, कवळीची मापं यांना नंतर पुन्हा यावंच लागतं, म्हणून माझं मत विचाराल तर आधी प्रश्न ४ मधला रस्ता करून बघावा. घरातली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन येऊ नका. एक ताई अशा आल्या होत्या, त्यांना जिन्यातून दोघांनी धरून आणावं लागलं आणि काम काही झालं नाही.

१२. महिनाभर दाढ ठणकत होती, आता आपोआप थांबलं. मग जायची काय गरज?

हा प्रश्न ऐकला की मॅडम कपाळाला हात लावतात. दाताच्या आत नस असते. कीड तिथपर्यंत पोचली की ठणका लागतो, रात्री झोपल्यावर जास्त. काही दिवसांनी ती नस मरते. मेलेली नस दुखत नाही. म्हणून वाटतं बरं झालं, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. मग हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. काही महिन्यांनी एके रात्री गाल सुजतो, आणि ती रात्र नेमकी घरात लग्न असतं तेव्हाची असते.

ठणका थांबल्यानंतरच्या दिवसांत आलात तर पुष्कळदा आरसीटी करून दात वाचतो. लवंगेचं तेल तात्पुरतं ठीक. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, तिथली कातडी भाजते. आणि दातातला किडा काढून दाखवणारे रस्त्यावरचे लोक तुम्हाला जे दाखवतात ते तुमच्या दातातून निघालेलं नसतं. दातात अळी नसतेच. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि दात विरघळतो.

१३. भीती असली तरी थांबू नये, असं केव्हा?

गाल किंवा जबड्याखाली सूज पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना त्रास होत असेल. श्वास घ्यायला जड जात असेल किंवा जिभेखालचा भाग वर उचलला गेला असेल, तर डेंटल क्लिनिकच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. रात्र असो की रविवार, सरळ एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. दातापासून सुरू झालेली सूज गळ्यात उतरली तर जिवावर बेतू शकते. सुजेवर गरम शेक देऊ नका.

१४. क्लीनिंग केल्याने दात हलायला लागतात, फटी पडतात. खरं का?

फटी आधीपासूनच असतात, त्यात दगडासारखा थर बसलेला असतो. तो निघाला की जीभ तिथे जाते आणि वाटतं, इथे तर काहीतरी होतं! हलणारे दातही त्या थराने धरून ठेवलेले असतात, आणि त्याच थरामुळे हिरडी व हाड खाली गेलेलं असतं. क्लीनिंगचं यंत्र दात घासत नाही, कंपनांनी थर सुटा करतं. नंतर काही दिवस थंड पाणी झणझणतं, हिरडीतून थोडं रक्त येतं. ब्रश करताना रक्त येतं म्हणून ब्रश करणं सोडलेले बरेच जण आहेत. रक्त येतं ते बहुधा घाण साठल्यामुळे, तेव्हा मऊ ब्रशने घासत राहायचं.

१५. वरचा दात काढला की डोळ्यांवर परिणाम होतो ना?

नाही. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. चाळिशीनंतर दातही जातात आणि चष्माही लागतो, म्हणून लोकांनी दोन्हीची गाठ मारली.

१६. खर्च किती येईल? सगळं एकदम परवडणार नाही.

सगळं एकदम करायचं नसतंच. साधारण क्रम असा: आधी दुखणं आणि पू, मग वाचणार नाहीत ते दात काढणं, क्लीनिंग, मग मसाला भरणं आणि आरसीटी. कॅप, ब्रिज, कवळी, इम्प्लांट सगळ्यांत शेवटी. आरसीटी झालेल्या दाढेची कॅप मात्र फार लांबवू नका, ती दाढ ठिसूळ असते. प्रत्येक टप्प्याचा आकडा आधी लेखी मागा.

परवडत नसेल तर एमवायजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६१ पासूनचं. सकाळी जाऊन पर्ची काढायची. शिकणारे डॉक्टर काम करतात, वरिष्ठ तपासतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पैसे खूपच कमी. भित्र्या माणसाला त्याचा एक फायदाही आहे: शिकणारी मुलं हळू आणि विचारून-विचारून काम करतात. मेडिक्लेममध्ये दातांची नेहमीची कामं बहुधा धरत नाहीत, अपघात सोडून. पॉलिसी वाचून घ्या.

१७. त्यापेक्षा सगळेच दात काढून कवळी बसवली तर कटकट संपेल ना?

घाबरलेल्या माणसाचा हा आवडता हिशोब. पण सगळे दात काढायचे म्हणजे जितकी इंजेक्शनं टाळायला निघालात त्याहून जास्त. शिवाय कवळीने चावायचा जोर नैसर्गिक दातांच्या जवळपासही येत नाही. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालची कवळी दर काही वर्षांनी सैल होते. चार-सहा चांगले दात उरले असतील तर ते राखण्यातच शहाणपण. खरंच एकही वाचण्यासारखा नसेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा कवळी घालून पुन्हा मोकळेपणी हसणारी माणसंही मी पाहिली आहेत.

१८. शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दात काढता येईल का?

बहुतेकदा येतो, पण सांगितल्याशिवाय नाही. शुगर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात, म्हणून हिरड्यांचे उपचार टाळून शुगर आटोक्यात आणणं कठीण जातं. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊन या, ताजा रिपोर्ट आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. ती बंद केल्याचा धोका दातातून थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा मोठा असू शकतो. काय करायचं ते तुमचे दोन डॉक्टर आपसात बोलून ठरवतील.

लोक विसरतात ते एक औषध म्हणजे हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन. "रोज घेत नाही ना" म्हणून सांगत नाहीत. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही सांगा, आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. सोपं म्हणजे, सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा आणि काउंटरवर ओता.

१९. गरोदर आहे. बाळंतपणानंतर बघू का?

दुखत असेल तर नाही. मधले तीन महिने खुर्चीवर बसायला सगळ्यांत सोयीचे, पण पू किंवा सूज कधीही थांबवून ठेवायची नसते. कुठलीही पेनकिलर मनाने घेऊ नका, आणि दिवस गेल्याचा संशय असेल तरी एक्स-रेआधी सांगा.

२०. सुपारी खाऊन-खाऊन तोंडच पूर्ण उघडत नाही. दाखवायची लाज वाटते.

मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि पाऊच कुठे मिळतो हे मला विचारू नका, तुम्हालाच जास्त माहीत. घरी तपासा: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का? जात नसतील, तिखट झोंबत असेल, पोह्यांवर भुरभुरवतात तो जीरावन मसालासुद्धा सहन होत नसेल, तर हिरडी-गालाच्या आतली कातडी कडक होत चालली आहे. हे नुसत्या सुपारीनेही होतं, तंबाखू नसली तरी. पुढे त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. दोन आठवड्यांहून जास्त न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा यांनाही हेच लागू. इथे लाजेपायी घालवलेला एकेक महिना महाग पडतो. मिश्री लावणाऱ्या आज्यांनाही घेऊन या, त्या "आम्ही तंबाखू खात नाही" म्हणतात आणि ते त्यांना खरंच वाटत असतं.

२१. आईला आणायचंय. सोबत आत थांबू का?

थांबा, पण गप्प. "अगं काही नाही होत, लहान मुलासारखं काय करतेस" हे मायेने म्हटलेलं वाक्यही माणसाला आणखी बंद करतं. हात धरा. डॉक्टरांच्या प्रश्नांना तिलाच उत्तर देऊ द्या. मुलांना मात्र "त्रास दिलास तर डॉक्टर सुई देतील" ही धमकी आयुष्यात देऊ नका. पुढचे पेशंट आम्हाला तिथूनच मिळतात.

२२. पितृपक्षात दात काढावा का? उपवास असला तर?

तुमच्या मनाचा प्रश्न आहे, दाताला तिथी कळत नाही. माझा स्वार्थी सल्ला: त्या पंधरा दिवसांत क्लिनिक रिकामं असतं, हवी ती वेळ मिळते, डॉक्टर घाईत नसतात. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) किंवा दिवाळीच्या आधल्या आठवड्यात बघा, उभं राहायला जागा नसते. निर्जळी उपवासाच्या दिवशी मात्र येऊ नका (प्रश्न ८).

२३. दात काढल्यावर पोहे-जलेबी कधी खाता येईल?

इंदूरकर हे शुद्धीवर आल्या-आल्या विचारतो. पहिला दिवस थंड आणि मऊ: दहीभात, आइस्क्रीम चमच्याने. कापसाचा बोळा पाऊण तास दाबून ठेवायचा, चोवीस तास जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, सिगारेट नाही. जागेवर धरलेली रक्ताची गाठ निघाली तर दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो. दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर फोन करा. पोहे आठवडाभर सेवेशिवाय, कारण सेवेचा चुरा बरोब्बर त्या खड्ड्यात जाऊन बसतो. गराडू (तळलेला कंद) आणि तिळाची गजक तात्पुरता मसाला भरलेल्या दातानेही नको. आणि रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत जलेबा (मोठी जलेबी) खाऊन तसंच झोपणं बंद करा. झोपेत लाळ कमी सुटते, गोड रात्रभर दातावर राहतं. खा, पण घरी येऊन ब्रश करा.

२४. आरसीटी अर्धवट सोडून दीड वर्ष झालं. त्याच डॉक्टरांकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

याच तोंडाने, दाढ त्यातच आहे. आमच्या कपाटात अशा अर्धवट फायलींचा वेगळा कप्पा आहे, आणि तो बराच जाड आहे. पहिल्या सिटिंगनंतर दुखायचं थांबतं, माणूस यायचं थांबतं. पण तात्पुरता मसाला काही आठवड्यांपुरताच असतो. तो झिजला की आत पुन्हा जंतू जातात, आणि पोकळ दाढ एखाद्या दिवशी शेंगदाण्यानेही फुटते. फुटली नसेल तर पुष्कळदा पुन्हा साफ करून पुरी करता येते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असलं तरी चालेल, फक्त आधी काय झालं होतं ते सांगा. फोनवर सबब तयार ठेवायची गरज नाही, नाव आणि साधारण कोणता महिना होता एवढं सांगा, फाइल मी शोधते. जुना एक्स-रे घरी कुठल्या डायरीत सापडला तर घेऊन या.